पोरांबद्दल लिहिता आणि ब्रँडचा मेसेज आलाय? मग उत्तर देण्याआधी हे वाचा

कुडाळ, देवगड, राजापूर, गुहागर, दापोली, कुठूनही असा, बाळाच्या पेजेपासून शाळेच्या डब्यापर्यंत काहीबाही लिहून नि रील करून टाकत असाल आणि आता चार बायका इनबॉक्समध्ये येऊन "ह्यां खंयसून घेतलंस गो?" असं विचारायला लागल्या असतील, तर हे तुमच्यासाठी आहे. कारण बायका विचारायला लागल्या की मागोमाग कंपन्या येतातच. मी यातून गेलेय, अजून करतेय. पैसे मिळतात, थोडे का होईना, पण त्यात गोंधळ इतका आहे की सुरुवातीला कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तर क्रमाने सांगते.

1. कंपनीला तुमच्याकडून काय हवंय ते आधी ओळखा

फॉलोअर्स कमी आहेत म्हणून लाजू नका. घरात साबण कुठला, खोबरेल कुठलं, बिस्किटाचा पुडा कुठला, डायपर कुठला, हे ठरवते कोण? आई. आणि आई कुणाला विचारते? टीव्हीला नाही, दुसऱ्या आईला. लाखभर फॉलोअर्सवाली शहरातली बाई तुम्हाला सांगू शकणार नाही की जुलैच्या झडीत चार दिवस दुपटी वाळत नाहीत तेव्हा कापडी नॅपी पुरते का, किंवा अमुक पावडर पावसाळ्यात डब्यात दगड होते का. ते तुम्ही सांगू शकता. शिवाय आपली अर्धी माणसं मुंबईत. तुम्ही कणकवलीत बसून लिहिलेलं तुमची नणंद विरारला वाचते, जाऊ डोंबिवलीला वाचते आणि त्या पुढे पाठवतात. म्हणून तर चाकरमानी गावाला यायच्या आधी, मे महिन्यापूर्वी आणि गणपतीपूर्वी, कंपन्यांचे मेसेज एकदम वाढतात.

आणि बायकांची ही खरेदीतली ताकद काही इन्स्टाग्रामने आणलेली नाही बरं का. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची घरं मिळून संघ करायची, महिन्याची यादी भरायची, एकगठ्ठा माल आणून वाटून घ्यायची, आणि ते सगळं चालवण्यात बायकाच पुढे. फरक एवढाच की तेव्हा बाई उघडपणे ग्राहकाच्या बाजूने उभी होती. आता कंपनी तुम्हाला हळूच काउंटरच्या पलीकडे बोलावते. जायचं तर जा, पण आपण गिऱ्हाईक आहोत हे डोक्यात ठेवूनच.

2. कागदपत्रं आणि सामान

हे जमवून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते:

- पॅन कार्ड, आधारशी जोडलेलं
- तुमच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं. नवऱ्याच्या खात्यावर पैसे घेऊ नका, पॅन तुमचं आणि खातं त्यांचं असलं की कंपनीचा अकाउंट्सवाला पेमेंट अडकवतो
- कामासाठी वेगळा ईमेल
- साध्या बिलाचा नमुना: नाव, पत्ता, पॅन, कामाचं वर्णन, रक्कम, तारीख, बिल नंबर
- शेवटच्या महिन्याच्या इनसाइट्सचे, म्हणजे किती जणांनी आणि कुणी बघितलं त्या आकड्यांचे, स्क्रीनशॉट, बघणारे कुठल्या शहरातले ते त्यात दिसलं पाहिजे
- एक वही. हो, वहीच

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, करायची तर करा, पण त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. जीएसटीचं नाव काढून कुणी घाबरवेल, तर सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तोवर सर्वसाधारणपणे त्याची गरज नाही.

कॅमेरा, रिंगलाइट वगैरे काही नको. पडवीत सकाळी जो उजेड येतो तो पुरतो. फक्त लाइटचा आणि नेटवर्कचा भरवसा नाही म्हणून तारीख कबूल करताना जून ते सप्टेंबरमध्ये चार दिवस जास्त मागून घ्या. आणि पिनकोड पहिल्याच मेसेजमध्ये कळवा. बऱ्याच खाजगी कुरिअरवाल्यांची गाडी तालुक्याच्या गावापर्यंतच येते, पुढे "तुम्हीच येऊन घेऊन जा" असा फोन येतो. स्पीड पोस्टने पाठवा म्हणून स्पष्ट सांगायचं, पोस्टमन बरोबर आणून देतो.

3. मेसेज खरा की खोटा

नमुन्यादाखल बघा, असा मेसेज येतो: "हाय डिअर, आम्हाला तुमचं प्रोफाइल खूप आवडलं, आमच्या बेबी केअर रेंजसाठी तुमची निवड झाली आहे, प्रॉडक्ट फ्री, फक्त 499 रुपये रिफंडेबल डिपॉझिट भरा, लिंक खाली." आता एकेक बघू. निवड झाली म्हणतात पण तुमचं नाव नाही, तुमच्या एकाही पोस्टचा उल्लेख नाही. प्रॉडक्ट कुठलं ते नाही. आणि तुम्ही काम करणार, वर तुम्हीच पैसे भरणार? खरी कंपनी डिपॉझिट मागत नाही. रजिस्ट्रेशन फी मागत नाही, ओटीपी तर नाहीच नाही. असलं काही आलं की ब्लॉक. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा, सायबर फसवणुकीची ती सरकारी हेल्पलाइन आहे, जितका लवकर फोन तितकी पैसे मध्येच अडकवायची शक्यता जास्त.

दुसरा एक प्रकार जास्त चिकट आहे. "ऑनलाइन ऑर्डर करा, पाच स्टार द्या, रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट पाठवा, पैसे परत." यात बायका सर्रास अडकतात कारण वस्तू खरंच घरी येते. पण पाच स्टार आधी ठरलेत आणि वस्तू नंतर येणार, याला रिव्ह्यू म्हणायचं कशाला? पैसे परत येण्याची हमी नसतेच, पण आले तरी तुमच्या नावावर खोटी साक्ष राहते. दहा जणींना त्या स्टारवर भरवसा ठेवून तेच सामान घ्यायचं असतं. करू नका.

खरा मेसेज कसा ओळखायचा? कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन तिथला फोन किंवा ईमेल घ्या आणि विचारा की अमुक एजन्सी तुमच्यासाठी काम करते का. दोन दिवसांत उत्तर येतं. नाही आलं तर समजा.

4. फुकट वस्तू की पैसे

सुरुवातीला सगळे बार्टर म्हणतात, म्हणजे वस्तू घ्या आणि त्या बदल्यात रील द्या. एखाददोन वेळा ठीक. पण शाम्पूच्या बाटलीवर वाण्याचं बिल भागत नाही. स्क्रिप्ट, शूटिंग, पोराला झोपेतून उठवून तयार करणं, एडिटिंग, मग कंपनीने सांगितलेले बदल, हा सगळा वेळ मोजा आणि रक्कम सांगा, संकोच करू नका. "बजेट नाही" म्हणणारे तेच लोक पुढच्या महिन्यात बजेट घेऊन येतात, माझ्या बाबतीत असं झालंय.

पैसे ठरले की ईमेलवर लिहून घ्या: किती रील, किती स्टोरी, कधी टाकायची, बदल किती वेळा, पैसे किती दिवसांत. आणि एक गोष्ट बहुतेकजणी विचारतच नाहीत, की तुमचा व्हिडिओ कंपनी स्वतःच्या जाहिरातीत वापरणार का, आणि किती महिने. युसेज राइट्स म्हणतात त्याला. त्याचे वेगळे पैसे असतात. लिहून घेतलं नाही तर तुमच्या पोराचा चेहरा दोन वर्षांनी कुठल्यातरी जाहिरातीत फिरत असेल आणि तुम्ही काही बोलू शकणार नाही.

टॅक्सचं: फुकट आलेली वस्तू तुम्ही ठेवून घेतली तर तिची किंमतही उत्पन्नात धरतात. 1 जुलै 2022 पासूनचा नियम असा की एका कंपनीकडून वर्षभरात 20,000 रुपयांच्या वर अशा वस्तू किंवा फायदे मिळाले तर कंपनीला त्यावर 10 टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावर आधीच भरायचा आयकर, भरावा लागतो. वस्तू वापरून परत केली तर ती त्यात धरत नाहीत. म्हणजे महागडी बाबागाडी पाठवली तर आधी विचारा, ठेवायची आहे की परत द्यायची. यासाठीच ती वही: तारीख, कंपनी, वस्तू, एमआरपी, ठेवली की परत. मार्च आला की शोधाशोध नको.

5. दोन वर्षांखालच्या बाळाचं पॅकेटमधलं खाणं, दूध पावडर, बाटली: नाही म्हणजे नाही

हे ठळक वाचा. बाकी सगळ्यात थोडंफार इकडेतिकडे चालून जातं, यात नाही.

1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. आईच्या दुधाऐवजी द्यायची पावडर, दूध पाजायची बाटली आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठीचं डबाबंद पूरक अन्न, या तिन्हींची जाहिरात करायलाच बंदी आहे. कुणीही करायची नाही, आणि त्यात तुम्ही आम्हीही आलो. फुकट सँपल देऊन प्रचार करणंही बंद. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता कंपनी काय करते? सरळ विचारत नाही. "बाळाच्या पहिल्या घासाचा तुमचा अनुभव शेअर करा" म्हणते आणि डबा मागे टेबलावर ठेवायला सांगते. किंवा बाटली नको, बाटली धुवायचं लिक्विड दाखवा म्हणते आणि हातात बाटली कुठल्या कंपनीची ते स्पष्ट दिसायला हवं असतं. किंवा दोन वर्षांवरच्या मुलांची पावडर म्हणून पाठवते, जिचा डबा रंगारूपाने तान्ह्या बाळाच्या डब्याचा जुळा भाऊ. शेवटचं कायद्याच्या कचाट्यात बसत नसेलही, पण मी घेत नाही. बघणारी बाई डब्याचा रंग लक्षात ठेवते, वयाचा आकडा नाही.

गावातल्या ताईंनाही हे सांगा. बचत गटाच्या नाचणी सत्वाच्या पाकिटावर "सहा महिन्यांपासून बाळासाठी" असं छापून तुम्हाला रील करायला सांगितलं, तर माया कितीही असो, तेही त्यातच मोडतं. नाचणीचं सत्व घरी कसं काढायचं, रात्री भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, सत्व खाली बसू देऊन, ते खुशाल दाखवा. ती पाककृती झाली, माल विकणं नाही झालं. (आणि कुणी चाटणात रानातलं मध घालायला सांगत असेल तर एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचं नसतं, आजीबाई कितीही म्हणू देत.)

6. वस्तू हातात आली की आधी वाचा, मग वापरा, मग बोला

कंपनीला रील आठ दिवसांत हवी असते. तेलाने केस वाढले का ते आठ दिवसांत कळत नाही. एवढंच सांगा की आठ दिवसांत वास, चिकटपणा, बाटलीचं झाकण याबद्दल बोलेन, केसांबद्दल नाही. चांगल्या कंपन्या मान्य करतात.

खाण्याची वस्तू असेल तर पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, जे जास्त ते पहिलं. एका मल्टीग्रेन माल्टच्या पाकिटावर पुढे हे एवढं मोठं नाचणीचं कणीस, आणि मागे यादीत पहिली साखर, मग गव्हाचं माल्ट, मग दूध पावडर, मग कुठेतरी चौथ्या नंबरवर नाचणी, टक्केवारी एक आकडी. शेजारच्या तक्त्यात 100 ग्रॅमला साखर किती ते बघायचं आणि आपण कपात किती चमचे घालतो त्याचा हिशोब करायचा. हे नुसतं कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवलं तरी बायकांना तुमच्या दहा रील्सपेक्षा जास्त उपयोग होतो. "हेल्थ ड्रिंक" शब्दाला तर मुळीच भुलू नका. अन्न कायद्यात अशी व्याख्याच नाही, आणि एप्रिल 2024 मध्ये सरकारने ऑनलाइन दुकानांना असली पेयं हेल्थ ड्रिंकच्या सदरातून काढायला सांगितलंय.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नंबर पाकिटावर असायलाच हवा. कोकम आगळ, आंबावडी, फणसपोळी, मालवणी मसाला घरून करून विकणाऱ्यांनाही नोंदणी लागते. बचत गटांचा माल जरूर दाखवा, मी तर आनंदाने दाखवते, पण नंबर नसेल तर आधी ताईंना नोंदणी करायला लावा. उद्या कुणाचं पोट बिघडलं तर नाव त्यांचंही जाईल नि तुमचंही.

खेळणी असतील तर आयएसआय मार्क बघा, 1 जानेवारी 2021 पासून तो सक्तीचा आहे. मार्कसोबतचा नंबर हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून खरा की खोटा कळतो. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांवर तो दिसला नाही तर लगेच नाक मुरडू नका, हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. फक्त पोर तोंडात घालण्याच्या वयाचं असेल तर रंग कुठला लावलाय ते दुकानदाराला विचारा, आणि ते उत्तर सांगूनच दाखवा.

पाकिटाचा पुढचा भाग, मागचा भाग, बॅच नंबर, तारीख, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. पुढच्या मुद्द्यात याचा उपयोग आहे.

7. जाहिरात असेल तर "जाहिरात" लिहा

पैसे घेतले, वस्तू फुकट मिळाली, सवलत मिळाली, रिसॉर्टवर फुकट राहिलात, किंवा कंपनी तुमच्या दिराची आहे, यातलं काहीही असेल तर सांगावंच लागतं. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे अ‍ॅस्कीचे, नियम जून 2021 पासून आहेत आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागानेही तेच सांगितलं.

कसं सांगायचं? तुम्ही मराठीत बोलताय तर मराठीत "जाहिरात" असं, अगदी सुरुवातीला. वीस हॅशटॅगच्या ढिगात शेवटी इंग्रजीत एक शब्द लपवला तर ते सांगणं होत नाही. व्हिडिओ 15 सेकंदांपर्यंतचा असेल तर शब्द निदान 3 सेकंद दिसला पाहिजे, त्याहून मोठा पण 2 मिनिटांच्या आतला असेल तर एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून लांब असेल तर त्या वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तोवर सगळा वेळ. नुसता आवाज असेल तर सुरुवातीला आणि शेवटी बोलून सांगा.

एजन्सी म्हणेल "मॅडम, जाहिरात लिहिलं की रीच पडते, ऑरगॅनिक वाटू दे," म्हणजे बघणारे कमी होतात, तुम्ही आपणहून बोलताय असं वाटू दे. लेखी पाठवा म्हणा. पाठवत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली खोट्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत, आणि तो वस्तूची भलामण करणाऱ्यालाही लागू होतो. वर एक वर्षापर्यंत जाहिराती करायला बंदी येऊ शकते. सुटकेची वाट एकच, की तुम्ही दाव्याची आधी खातरजमा केली होती हे दाखवता आलं पाहिजे. ते पाकिटाचे फोटो, कंपनीला विचारलेले प्रश्न, त्यांची उत्तरं, सगळं जपून ठेवा. आजार बरा होतो, उंची वाढते, बुद्धी तल्लख होते, असलं वाक्य स्क्रिप्टमध्ये दिसलं की खोडायचं. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ नसताना जाहिरातीत आरोग्याचे सल्ले द्यायचे नाहीत, अ‍ॅस्कीने 2023 मध्ये तेही स्पष्ट केलंय.

8. पोराचा चेहरा

थोडक्यात. शाळेचा गणवेश, शाळेची गाडी, घराची पाटी दिसू देऊ नका. आंघोळीचे फोटो टाकू नका, कंपनीचा साबण असला तरी. पोर रडतंय, कंटाळलंय, तर त्या दिवशी शूटिंग नाही, आणि हे ईमेलमध्येच लिहून टाका की मूल नाराज असेल तर तारीख पुढे जाईल. मोठी मुलं, सातआठ वर्षांची, नाही म्हणाली तर नाहीच.

9. वस्तू खराब निघाली तर

इथे तुमचं खरं वजन कळतं, कारण कंपनीला तुमच्या तक्रारीची धास्ती साध्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त असते. पण रागाच्या भरात "हे विष आहे" असं लिहून टाकू नका, मानहानीची नोटीस येऊ शकते. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा: या तारखेला उघडलं, हा बॅच नंबर, असा वास आला, हा फोटो.

पहिलं पत्र कंपनीला. प्रत्येक पाकिटावर ग्राहक सेवेचा पत्ता, फोन, ईमेल छापणं बंधनकारक आहे. उत्तर नाही आलं तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन लागतो आणि मराठीतही बोलतात. तिथेही नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. वकील लागतोच असं नाही, स्वतः बाजू मांडता येते. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी शून्य, तक्रार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. आणि नव्या कायद्यातली सगळ्यात कामाची गोष्ट, तुम्ही जिथे राहता तिथल्याच आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असेल तर असू दे, तिच्या माणसाला रत्नागिरी नाहीतर ओरोसला यावं लागतं. फुकट मिळालेल्या वस्तूवर मात्र ही वाट बंद आहे, कारण पैसे दिले तरच कायद्याने ग्राहक. म्हणून मी महिन्याला एखादी वस्तू मुद्दाम स्वतःच्या पैशाने दुकानातून घेते, बिल मागते, आणि रीलमध्ये ते बिल दाखवते.